कम्युनिकेशनची पदवी आणि शिक्षणकर्ज : अमेरिकेत प्रवेश निश्चित करण्यापूर्वी मांडायचा हिशेब

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या मुलाने किंवा मुलीने कम्युनिकेशन शिकायचे ठरवले की घरात दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. कोणी म्हणते की या पदवीला बाजारात किंमत नाही, तर कोणी म्हणते की आवडीचा विषय आहे, पैशांचे पुढे पाहता येईल. दोन्ही विधाने आकड्यांवाचून केलेली असतात. कम्युनिकेशनची पदवी महागात पडेल की परवडेल हे विषयाच्या नावावरून ठरत नाही. विशिष्ट महाविद्यालयातला विशिष्ट अभ्यासक्रम, त्यासाठी कुटुंबाने काढलेले एकूण कर्ज आणि त्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्यांची पहिल्या काही वर्षांची कमाई या तीन गोष्टी एकमेकींशी ताडून पाहिल्या तरच ते कळते. या लेखात तो ताळा कसा घ्यायचा ते क्रमाने मांडले आहे. यातले नियम अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डधारक विद्यार्थ्यांना लागू होतात, कारण संघीय शिक्षणकर्ज प्रामुख्याने त्यांनाच मिळते. भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना ते मिळत नाही, त्यामुळे त्यांनी इथल्या कर्जाच्या अटी आपल्याला लागू आहेत असे समजू नये. हिशेबाची पद्धत मात्र त्यांच्याही उपयोगाची आहे.

पहिली पायरी : अभ्यासक्रम नेमका कोणता, ते ठरवणे

‘कम्युनिकेशन’ या एका शब्दाखाली बऱ्याच वेगवेगळ्या पदव्या येतात. अमेरिकी शिक्षण खाते प्रत्येक अभ्यासक्रमाला सीआयपी नावाचा संकेतांक देते आणि कमाई व कर्जाची सरकारी आकडेवारी त्या संकेतांकानुसारच गोळा केली जाते. ०९ या गटात कम्युनिकेशन आणि पत्रकारितेचे अभ्यासक्रम मोडतात. ०९.०१ म्हणजे कम्युनिकेशन आणि माध्यम अभ्यास, ०९.०४ म्हणजे पत्रकारिता, ०९.०७ म्हणजे रेडिओ, दूरचित्रवाणी आणि डिजिटल माध्यमे, तर ०९.०९ म्हणजे जनसंपर्क, जाहिरात आणि उपयोजित संज्ञापन. एकाच विद्यापीठात या चारही शाखा असू शकतात आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्यांची कमाई सारखीच असेल असे नाही.

इथे एक गफलत सहज होते. वाचा आणि श्रवणदोषांशी संबंधित अभ्यासक्रमाच्या नावातही ‘कम्युनिकेशन’ हा शब्द असतो, पण तो ५१ या आरोग्यशाखांच्या गटात मोडतो. त्या पदवीनंतर बहुतेकांना स्पीच थेरपिस्ट होण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते. त्या अभ्यासक्रमाचे आकडे माध्यमशाखेच्या आकड्यांशी ताडून पाहणे निरर्थक आहे. चित्रपटनिर्मितीही वेगळ्या, म्हणजे कलाशाखेच्या गटात असते. म्हणून प्रवेश कार्यालयाला ‘या पदवीचा सीआयपी संकेतांक कोणता?’ असा थेट प्रश्न विचारावा आणि उत्तर लिहून ठेवावे. पुढचे सगळे शोध त्याच संकेतांकावर करायचे आहेत.

दुसरी पायरी : छापील शुल्क बाजूला ठेवून खरी किंमत काढणे

महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात छापलेले वार्षिक शुल्क फार थोड्या कुटुंबांना पूर्ण भरावे लागते. शुल्क, राहणे, जेवण, पुस्तके आणि प्रवास यांची बेरीज करून त्यातून परत न करायची मदत, म्हणजे अनुदान आणि शिष्यवृत्त्या, वजा केल्यावर जी रक्कम उरते तिला निव्वळ किंमत म्हणतात. संघीय मदत घेणाऱ्या आणि पहिल्यांदाच प्रवेश घेणारे पूर्णवेळ पदवी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या संकेतस्थळावर निव्वळ किंमत काढण्याचा गणकयंत्रासारखा तक्ता ठेवणे २०११ पासून बंधनकारक आहे. तो भरायला थोडा वेळ लागतो, पण अर्ज करण्याआधीच अंदाज हाती येतो. त्यानंतर फाफ्साचा, म्हणजे संघीय विद्यार्थी मदतीचा, अर्ज भरावा. गरजू विद्यार्थ्यांसाठीचे, परत न करायचे पेल हे संघीय अनुदान पात्र विद्यार्थ्याला याच अर्जावर मिळते. त्याची कमाल रक्कम २०२५-२६ या वर्षासाठी ७,३९५ डॉलर आहे.

मदतीचे पत्र हाती आले की ते अतिशय सावधपणे वाचावे. अनेक पत्रांत अनुदान, कर्ज आणि विद्यार्थ्याने काम करून मिळवायची रक्कम एकाच रकान्यात बेरीज करून दाखवलेली असते, आणि शेवटी ‘एकूण मदत’ असा मोठा आकडा दिसतो. कर्ज ही मदत नव्हे. पेन घेऊन कर्जाच्या आणि कामाच्या ओळी खोडाव्यात, राहिलेले अनुदान एकूण खर्चातून वजा करावे आणि मग मिळणारी रक्कमच खरी मानावी. शिष्यवृत्ती चारही वर्षे मिळणार आहे का, त्यासाठी किती सरासरी गुण टिकवावे लागतील आणि शुल्क वाढले तर शिष्यवृत्तीही वाढेल का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. पहिल्या वर्षाची निव्वळ किंमत चाराने गुणून चालत नाही, कारण शुल्क दरवर्षी वाढत जाते आणि शिष्यवृत्ती बहुधा वाढत नाही.

चार हा आकडाही गृहीत धरू नये. चार वर्षांच्या महाविद्यालयांत २०१४ मध्ये पहिल्यांदा पूर्णवेळ दाखल झालेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६४ टक्के विद्यार्थी सहा वर्षांत, म्हणजे २०२० पर्यंत, त्याच संस्थेतून पदवीधर झाले होते. पाचवे वर्ष लागले तर एका वर्षाचा खर्च वाढतो आणि एका वर्षाची कमाई बुडते. पदवी अर्धवट सोडणाऱ्याच्या माथी तर कर्ज राहते आणि हाती प्रमाणपत्र नसते. कर्जाच्या सगळ्या प्रकारांत सर्वांत घातक स्थिती हीच असते. म्हणून निवडीच्या यादीतल्या प्रत्येक महाविद्यालयाचे पदवी पूर्ण होण्याचे प्रमाण पाहावे. ते कमी असेल तर कमाईचे आकडे कितीही चांगले दिसले तरी थांबून विचार करावा, कारण कमाईचे ते आकडे फक्त पदवी पूर्ण केलेल्यांचे असतात.

तिसरी पायरी : कुटुंबाचे एकूण कर्ज मोजणे

ज्या विद्यार्थ्याला पालकांवर अवलंबून मानले जाते, त्याला संघीय कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि त्यानंतर दरवर्षी ७,५०० डॉलरपर्यंत मिळते. चार वर्षांत ही रक्कम २७,००० होते आणि पदवीसाठीची एकूण कमाल मर्यादा ३१,००० आहे. या कर्जाचा काही भाग गरजेनुसार अनुदानित असू शकतो, म्हणजे शिक्षण चालू असताना त्यावरचे व्याज सरकार भरते. उरलेल्या भागावर मात्र पहिल्या दिवसापासून व्याज चढते. २०२५-२६ साठी पदवीपूर्व कर्जाचा व्याजदर ६.३९ टक्के आहे. हा दर दरवर्षी बदलतो, पण एकदा घेतलेल्या कर्जाचा दर शेवटपर्यंत तोच राहतो.

अनुदानित भाग अजिबात मिळाला नाही आणि २७,००० डॉलर याच दराने चार वर्षांत घेतले, तर पदवीनंतरची सहा महिन्यांची सवलत संपेपर्यंत सुमारे ४,१०० डॉलर व्याज साचलेले असते. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच देणे ३१,००० च्या पुढे गेलेले असते. मदतीच्या पत्रावर हा आकडा कुठेही छापलेला नसतो. शिकत असताना दरमहा थोडेसे व्याज भरत राहिल्यास तो बराचसा टाळता येतो, आणि अर्धवेळ नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला एवढे सहसा झेपते.

विद्यार्थ्याच्या नावावर चार वर्षांत २७,००० चीच मर्यादा असल्याने त्यापुढचा खड्डा पालकांच्या नावावरच्या कर्जाने भरला जातो, आणि बहुतेक कुटुंबांचा हिशेब चुकतो तो इथेच. पालकांच्या या कर्जाला पेरेंट प्लस म्हणतात. २०२५-२६ मध्ये त्याचा दर ८.९४ टक्के आहे. शिवाय रक्कम हाती देतानाच सुमारे ४.२२८ टक्के शुल्क कापून घेतले जाते. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्याने हे कर्ज घेणाऱ्यांना एका विद्यार्थ्यामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे. आधीपासून कर्ज घेत असलेल्यांना काही काळ सवलत आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या नव्या पालककर्जाला उत्पन्नानुसार हप्ता कमी करून घेण्याची सोय उरलेली नाही. आईची किंवा वडिलांची नोकरी गेली, तरी हप्त्याची रक्कम उत्पन्नाप्रमाणे खाली येणार नाही.

‘हे कर्ज आमचे, मुलाचे नव्हे’ असे म्हणून पालक ते हिशेबाबाहेर ठेवतात. माझ्या मते हे योग्य नाही. ते पैसे त्याच पदवीसाठी गेलेले असतात आणि ते फेडताना पालकांच्या निवृत्तीची पुंजी थांबते. म्हणून विद्यार्थ्याचे कर्ज, पालकांचे कर्ज आणि खासगी बँकेचे कर्ज या तिन्ही रकमा एकाच कागदावर एकाखाली एक लिहाव्यात. खासगी कर्जाला हमीदार लागतो, उत्पन्नाशी जोडलेला हप्ता तिथे मिळत नाही आणि दिवाळखोरीतूनही ते क्वचितच सुटते. त्यामुळे ते शेवटचा पर्याय म्हणूनच पाहावे.

चौथी पायरी : कर्जाचा हप्ता काढणे

एकूण रकमेचा आकडा मनाला नीट भिडत नाही, मासिक हप्त्याचा भिडतो. ६.३९ टक्के दराने दहा वर्षांसाठी दर हजार डॉलरमागे सुमारे ११ डॉलर ३० सेंट आणि पंधरा वर्षांसाठी सुमारे ८ डॉलर ६५ सेंट हप्ता बसतो. हे दोन आकडे लिहून ठेवले की कोणत्याही रकमेचा हप्ता झटकन काढता येतो. २७,००० डॉलरचा दहा वर्षांचा हप्ता सुमारे ३०५ डॉलर येतो आणि एकूण परतफेड ३६,६०० च्या आसपास जाते.

२०२५ च्या कायद्याने यात एक बदल केला आहे. १ जुलै २०२६ नंतर घेतलेल्या कर्जासाठी नियमित परतफेडीची मुदत रकमेवरून ठरेल. २५,००० पेक्षा कमी कर्जाला दहा वर्षे, २५,००० ते ५०,००० ला पंधरा, ५०,००० ते १,००,००० ला वीस आणि त्यापुढे पंचवीस वर्षे मिळतील. त्यामुळे २७,००० चा हप्ता सुमारे २३४ डॉलरवर येतो, पण एकूण परतफेड ४२,००० च्या पुढे जाते. हप्ता लहान दिसला म्हणून कर्ज स्वस्त झाले असे नाही, कारण पाच वर्षे जास्त लागतात आणि व्याजापोटी ५,४०० डॉलर अधिक जातात. उलट २४,००० डॉलर कर्ज असेल तर मुदत दहाच वर्षांची मिळते आणि हप्ता २७१ डॉलर, म्हणजे मोठ्या कर्जाच्या हप्त्यापेक्षाही जास्त, बसतो. हप्त्यांचीच तुलना करणाऱ्याला इथे हमखास चकवा बसतो. म्हणून तुलना नेहमी एकाच मुदतीवर करावी, आणि मी त्यासाठी दहा वर्षेच धरतो. संघीय कर्ज लवकर फेडल्यास दंड नसतो, त्यामुळे पंधरा वर्षांची मुदत मिळालेल्यानेही दहा वर्षांच्या हप्त्याने भरणा करता येतो.

पाचवी पायरी : कमाईचे आकडे शोधणे आणि त्यांच्या मर्यादा ओळखणे

शिक्षण खात्याचे कॉलेज स्कोअरकार्ड हे संकेतस्थळ इथे सर्वांत उपयोगी आहे. महाविद्यालयाचे नाव टाकून अभ्यासक्रमांच्या यादीत गेले की पदवीनंतरची मध्यक कमाई आणि मध्यक कर्ज हे दोन्ही आकडे अभ्यासक्रमानुसार दिसतात. महाविद्यालयाच्या पहिल्या पानावरचा कमाईचा आकडा मात्र घेऊ नये. तो सगळ्या शाखांचा मिळून असतो. ज्या विद्यापीठात अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत, तिथला एकत्रित आकडा कम्युनिकेशनच्या विद्यार्थ्याला काहीच सांगत नाही.

अभ्यासक्रमाचा आकडा वाचतानाही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. तो केवळ संघीय मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांवर आधारलेला असतो. तो मध्यक असतो, म्हणजे निम्म्या पदवीधरांची कमाई त्याहून कमी असते. पुढचे शिक्षण घेत असलेले त्यात धरलेले नसतात. पदवीधर त्या क्षेत्रातच काम करतो आहे की कपड्यांच्या दुकानात, हे त्यातून कळत नाही. पदवीधरांची संख्या फार थोडी असेल तर गोपनीयतेसाठी आकडा झाकलेला असतो. अशा वेळी त्याच संकेतांकाचा, पण त्याच राज्यातल्या आणि साधारण त्याच दर्जाच्या दोन-तीन महाविद्यालयांचा आकडा पाहावा. कर्जाच्या आकड्यात पालककर्ज आणि खासगी कर्ज मिसळलेले नसते. पालककर्ज वेगळे दाखवले जाते आणि खासगी कर्ज दिसतच नाही. त्यामुळे पानावर दिसणारे मध्यक कर्ज हे तळाचे माप समजावे.

पदवीनंतर एका वर्षाची आणि चार-पाच वर्षांनंतरची असे दोन आकडे मिळत असतील तर दोन्ही घ्यावेत. कम्युनिकेशनच्या बाबतीत ही जोडी विशेष बोलकी ठरते, कारण या क्षेत्राची सुरुवात सहसा कमी पगाराच्या सहायक पदांवर होते आणि अनुभव जमल्यावरच पगार चढतो. पहिल्या वर्षाच्या आकड्यावरून हप्ता झेपेल की नाही ते कळते. नंतरच्या आकड्यावरून चढण आहे की सपाटी, हे कळते.

दुसरा स्रोत म्हणजे कामगार सांख्यिकी विभागाचे व्यवसायनिहाय आकडे. मे २०२३ मध्ये जनसंपर्क तज्ज्ञांचा मध्यक वार्षिक पगार ६६,७५० डॉलर आणि बातमीदार, वृत्तविश्लेषक व पत्रकारांचा ५७,५०० डॉलर होता. माहितीपत्रकांत हेच आकडे ठळक अक्षरांत छापलेले दिसतात, पण ते सर्व वयांच्या, पंचवीस वर्षे अनुभव असलेल्या माणसांसकट सगळ्यांच्या पगाराचे मध्यक आहेत. बावीस वर्षांच्या पदवीधराच्या हप्त्याचा हिशेब त्यांवर बेतणे चूक आहे. क्षेत्राची दिशाही पाहावी लागते. प्यू संशोधन केंद्राच्या अभ्यासानुसार २००८ ते २०२० या काळात अमेरिकी वृत्तकक्षांतल्या नोकऱ्या २६ टक्क्यांनी घटल्या आणि वृत्तपत्रांमध्ये ही घट ५७ टक्के होती. फक्त पत्रकारितेसाठी कर्ज काढणाऱ्याने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच सही करावी.

न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक २२ ते २७ वयाच्या पदवीधरांची विषयवार बेरोजगारी, पगार आणि अल्परोजगारी प्रसिद्ध करते. अल्परोजगारी म्हणजे ज्या कामाला सहसा पदवी लागत नाही ते काम करणे. कम्युनिकेशनच्या नव्या पदवीधरांमध्ये हे प्रमाण सुमारे निम्मे आहे. हे वाचून खचून जाण्याचे कारण नाही. मात्र निम्म्यांच्या वाट्याला येणारी ही परिस्थिती अपवाद मानून हिशेबातून गाळता येत नाही, एवढे नक्की.

सहावी पायरी : कर्ज आणि कमाई समोरासमोर ठेवणे

‘एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नसावे’ हा ठोकताळा सगळीकडे सांगितला जातो. कम्युनिकेशनसाठी तो फार सैल आहे असे माझे मत आहे. पगाराएवढे कर्ज ६.३९ टक्के दराने दहा वर्षांत फेडायचे तर करपूर्व पगाराचे साडेतेरा टक्के हप्त्यात जातात. अमेरिकी शिक्षण खात्याने रोजगाराभिमुख अभ्यासक्रमांची परीक्षा घेताना वार्षिक हप्ता वार्षिक कमाईच्या ८ टक्क्यांच्या आत असावा अशी कसोटी वापरली आहे. ही कसोटी उलटी सोडवली तर कर्ज पगाराच्या सुमारे ६० टक्क्यांपर्यंतच झेपते. म्हणजे ४२,००० डॉलर पगारावर साधारण २५,००० कर्ज आणि २७,००० कर्ज पेलण्यासाठी साधारण ४५,८०० डॉलर पगार. व्याज साचून देणे ३१,१०० झाले असेल तर पगार ५२,७०० च्या घरात असावा लागतो.

या कसोटीत पगार म्हणून स्कोअरकार्डवरचा मध्यक न घेता त्याच्या ८० टक्के रक्कम घ्यावी. निम्मे पदवीधर मध्यकाखाली असतात आणि आपले मूल त्यांत नसेलच, असे धरून कर्ज काढणे योग्य नाही. ८० टक्क्यांवरही हिशेब जुळला तर निर्धास्तपणे पुढे जावे. पूर्ण मध्यकावर जुळतो पण ८० टक्क्यांवर मोडतो, अशी स्थिती असेल तर कर्ज कमी करण्याचे मार्ग शोधावेत. मध्यकावरही जुळत नसेल, तर त्या किमतीला तो अभ्यासक्रम घेऊ नये.

आता दोन पर्यायांची तुलना करू. आकडे कल्पित आहेत, गणित खरे आहे. समजा कुटुंब वर्षाला ११,००० डॉलर स्वतःच्या खिशातून देऊ शकते. राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात निव्वळ किंमत वर्षाला १७,७५० डॉलर आहे. तफावत ६,७५० ची असल्याने चार वर्षांत २७,००० लागतात आणि ही एकूण रक्कम विद्यार्थ्याच्या चार वर्षांच्या संघीय कर्जाएवढी आहे. खासगी महाविद्यालयात निव्वळ किंमत ३४,००० आहे. तफावत २३,००० ची, म्हणजे चार वर्षांत ९२,००० लागतात. त्यांतले २७,००० विद्यार्थ्याच्या नावावर आणि ६५,००० पालकांच्या नावावर, नव्या मर्यादेच्या टोकापर्यंत. पहिल्या विद्यापीठातल्या कम्युनिकेशन पदवीधरांची मध्यक कमाई ४२,००० आणि दुसऱ्याची ४५,००० दिसते. कमाईचा आकडा जास्त असल्याने दुसरे महाविद्यालय सरस वाटते.

८.९४ टक्के दराने ६५,००० डॉलरचा वीस वर्षांचा हप्ता सुमारे ५८२ डॉलर येतो आणि एकूण परतफेड १,३९,००० च्या पुढे जाते. दुसरीकडे, वर्षाला ३,००० डॉलर जास्त कमाईतून संघीय आयकर आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरची वजावट गेल्यावर महिन्याला २०० डॉलरच हाती पडतात. म्हणजे महिन्याला २०० डॉलरच्या फायद्यासाठी कुटुंब वीस वर्षे ५८२ डॉलर भरत राहील. शिवाय तो फायदा मुलाच्या खात्यात आणि हप्ता साठीकडे झुकलेल्या आई-वडिलांच्या खात्यात. हा हिशेब एकदा कागदावर उतरला की महाविद्यालयाच्या नावाचे आकर्षण पुष्कळ कमी होते.

सातवी पायरी : हाती येणारा पगार आणि राहण्याचे शहर

४२,००० डॉलर पगारावर २०२५ च्या दरांनुसार एकट्या व्यक्तीचा संघीय कर सुमारे २,९०० आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरची वजावट सुमारे ३,२०० डॉलर होते. राज्याचा कर आणि आरोग्यविमा धरण्याआधी महिन्याला सुमारे २,९९० डॉलर हाती येतात. माध्यमे, जाहिरात आणि जनसंपर्काच्या नोकऱ्या न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन अशा महागड्या शहरांत मोठ्या प्रमाणावर एकवटलेल्या आहेत. तिथे या रकमेतून भाडे आणि ३०५ चा हप्ता दोन्ही काढणे कठीण जाते. एमआयटी विद्यापीठाच्या निर्वाहवेतन गणकावर परगण्यानुसार (काउंटीनुसार) एकट्या माणसाचा किमान खर्च पाहता येतो. मुलाला जिथे नोकरी करायची इच्छा आहे त्या परगण्याचा आकडा घ्यावा, महाविद्यालय ज्या गावात आहे तिथला नव्हे.

आठवी पायरी : परतफेड कोलमडली तर आधार कोणता

१ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना नियमित परतफेडीखेरीज रॅप नावाची एकच उत्पन्नाधारित योजना असेल. तीत समायोजित उत्पन्नाच्या, म्हणजे करविवरणातल्या ठरावीक वजावटींनंतरच्या उत्पन्नाच्या, १ ते १० टक्के हप्ता बसतो, किमान हप्ता महिन्याला १० डॉलर असतो आणि तीस वर्षांनंतर उरलेले कर्ज माफ होते. ४०,००० ते ५०,००० उत्पन्नाला ४ टक्के दर असल्याने ४२,००० वर महिन्याला १४० डॉलर भरावे लागतात. हप्ता व्याजापेक्षा कमी पडला तर उरलेले व्याज माफ होते आणि मुद्दल थोडे का होईना घटत राहील अशी तरतूद आहे. नोकरीचा पहिला कठीण काळ ओलांडण्यासाठी ही योजना चांगली आहे. मात्र तीस वर्षे तिच्यावरच राहायचे असे धरून जास्त कर्ज काढू नये.

कम्युनिकेशनच्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक सेवेतली कर्जमाफी इतर अनेक शाखांपेक्षा जवळची आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. २००७ च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत १२० पात्र हप्ते भरले की उरलेले संघीय कर्ज माफ होते. विद्यापीठे, रुग्णालये, सार्वजनिक रेडिओ, नगरपालिका, सेवाभावी संस्था या सगळ्यांना संपर्क विभाग लागतो, आणि त्यांतले बरेच मालक या योजनेत बसतात. नोकरी स्वीकारण्याआधी मालक पात्र आहे का, हे संघीय विद्यार्थी मदत विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येते.

नववी पायरी : हिशेब न जुळल्यास किंमत खाली आणणे

सर्वांत मोठा फरक पडतो तो पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढल्याने. मात्र तिथले गुण आणि विषय पुढच्या विद्यापीठात पूर्णपणे धरले जातील असा लेखी करार दोन्ही संस्थांमध्ये असावा लागतो. तो नसेल तर वाचलेले पैसे पाचव्या वर्षात जातात. मदतीचे पत्र आल्यावर कुटुंबाची परिस्थिती बदलली असेल, म्हणजे नोकरी गेली, आजारपण आले, भारतातल्या आई-वडिलांचा खर्च वाढला, तर मदत कार्यालयाकडे कागदपत्रांसह फेरविचाराची विनंती करता येते. अनेक मराठी कुटुंबे संकोचामुळे ती करतच नाहीत. हा अर्ज हक्काने करावा, त्यात कमीपणा काही नाही.

कमाईची बाजू वर उचलण्यासाठी पदवीला मोजता येणारे कौशल्य जोडावे. सांख्यिकी, माहितीविश्लेषण, व्यवसाय व्यवस्थापन किंवा आरोग्यक्षेत्राशी संबंधित दुय्यम विषय घेतलेल्या विद्यार्थ्यापुढे अधिक प्रकारच्या नोकऱ्या खुल्या होतात. पगारी इंटर्नशिपला बिनपगारीपेक्षा प्राधान्य द्यावे. विभागप्रमुखांना भेटून गेल्या वर्षीच्या किती विद्यार्थ्यांनी पगारी इंटर्नशिप केली, त्या कोणत्या संस्थांत केल्या आणि पदवीनंतर सहा महिन्यांनी किती जण पूर्णवेळ नोकरीत होते, हे विचारावे. उत्तर आकड्यांत मिळाले नाही तर तीही माहितीच आहे.

पदव्युत्तर शिक्षणाने प्रश्न सुटेल अशी आशा धरण्याआधी हेही पाहावे की १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचे संघीय कर्ज बंद होत आहे आणि सर्वसाधारण पदव्युत्तर अभ्यासक्रमांना वर्षाला २०,५०० व एकूण १,००,००० डॉलरचीच संघीय मर्यादा राहील. कम्युनिकेशनच्या एमएसाठी कर्ज काढायचे असेल तर वरचा सगळा हिशेब पुन्हा, आणि आधीचे कर्ज धरून, मांडावा लागतो.

त्याच कायद्याने आणखी एक पट्टी आणली आहे. ज्या पदवी अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्यांची मध्यक कमाई त्या राज्यातल्या २५ ते ३४ वयाच्या, फक्त हायस्कूल झालेल्या कामकरी लोकांच्या मध्यक कमाईपेक्षा तीनपैकी दोन वर्षे कमी भरेल, त्या अभ्यासक्रमाला संघीय कर्ज मिळणे बंद होईल. विचाराधीन अभ्यासक्रमाची कमाई या रेषेच्या जवळ रेंगाळत असेल, तर शिक्षण अर्ध्यावर असताना कर्जाचा रस्ता बंद होण्याचा धोका आहे. तेव्हा राज्याचा तो आकडाही तक्त्यात एका रकान्यात लिहावा.

प्रत्येक महाविद्यालयासाठी संकेतांक, चार वर्षांची निव्वळ किंमत, तिन्ही प्रकारची कर्जे, दहा वर्षांचा हप्ता, मध्यक कमाई, तिची ८० टक्के रक्कम, पदवी पूर्ण होण्याचे प्रमाण आणि राज्याची रेषा असा तक्ता तयार करावा. बहुतेक महाविद्यालयांना १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो आणि मदतीची पत्रे मार्च-एप्रिलमध्ये येतात, म्हणून रिकामा तक्ता फेब्रुवारीतच आखून ठेवावा आणि पत्र आले त्या संध्याकाळी मुलाला सोबत घेऊन भरावा. विद्यार्थ्याच्या नावावरच्या कर्जाची सही त्याचीच असणार आहे, त्यामुळे हप्त्याचा आकडाही त्यानेच स्वतःच्या हाताने काढावा.